कोकणातला पहिला गेमिंग पीसी: सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून

सुटे भाग घेऊन स्वतः गेमिंग पीसी जोडायचा ठरला की बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्डांचे व्हिडिओ बघत बसतात. ते व्हिडिओ चांगले असतात, पण करणारा बहुधा पुण्या-दिल्लीच्या फ्लॅटमध्ये बसलेला असतो. तिथे अर्थिंग बिल्डरने दिलेलं असतं, सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर असतं आणि हवेत मीठ नसतं. वेंगुर्ला, देवगड, गुहागर, दापोली, श्रीवर्धन अशा गावांत तीच यादी जशीच्या तशी उचलली, तर गेम पहिल्या दिवशी चालेल. पण पहिला पावसाळा तो पीसी काढेल की नाही, याची खात्री देता येत नाही.

म्हणून ज्या क्रमाने पैसे खर्च करावेत असं मला वाटतं, त्याच क्रमाने इथे लिहितो. आधी घरातली वीज, मग एसएमपीएस (पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मग ग्राफिक्स कार्ड आणि त्यानंतर बाकीचं सगळं.

त्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहा

कुठले गेम खेळणार आणि कुठल्या स्क्रीनवर, एवढंच. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे एका जातीचे गेम. ग्राफिक्स हलकं, पण प्रोसेसर चपळ लागतो. रेड डेड रिडेम्पशन २ किंवा सायबरपंक २०७७ दुसऱ्या जातीचे, त्यांना चांगलं कार्ड लागतंच. फक्त व्हॅलोरंट खेळायचा असेल तर वेगळं कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी सारख्या, आतच ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवरही भागतं.

स्क्रीनचं गणित सोपं आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल, २५६० गुणिले १४४० म्हणजे जवळपास ३७ लाख. दुसऱ्या स्क्रीनवर कार्डाला जवळजवळ पावणेदोन पट काम पडतं. पहिल्या पीसीसाठी पहिलीच, म्हणजे १०८०पी धरा. घरातला टीव्हीच वापरणार असाल आणि तो ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवणारा असेल, तर सेकंदाला १४४ फ्रेम देणाऱ्या कार्डावर पैसे घालू नका, त्या फ्रेम तुम्हाला दिसणारच नाहीत.

वायरमनला बोलवा

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण याला खर्च सगळ्यात कमी येतो आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

जुन्या चिरेबंदी घरांत थ्री-पिन सॉकेट दिसतं, पण पुष्कळदा तिसऱ्या भोकामागे वायर नसते, किंवा असली तरी ती मीटरच्या बोर्डापर्यंत येऊन संपते. एसएमपीएसच्या आत, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याच्या कॅबिनेटकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ असतो, पण अनवाणी पायाने हात लावला की झिणझिण्या येतात. त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल जोडायला गेलात तर पोर्ट जळू शकतो.

वायरमनकडून तीन मापं घ्या: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यायला हवीत आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ फारच कमी आलं तर अर्थिंग फक्त नावापुरतं आहे, असं धरा. हे माप घरच्या मल्टिमीटरने स्वतः घ्यायला जाऊ नका. सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात आणि ज्याचा हात या कामात बसलेला आहे त्यानेच ते करावं.

आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत पाणी टिकत नाही. त्यामुळे श्रावणात उत्तम असलेलं अर्थिंग वैशाखात कमजोर पडतं. मीठ-कोळसा घालून केलेला खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतत जा आणि ताराही गंजल्या नाहीत ना ते बघा. नवा इलेक्ट्रोड घालायचा झाला तर तो या पीसीच्या खर्चातच धरा.

दुसरा धोका न्यूट्रल तुटण्याचा. वादळात माडाची झावळ किंवा आंब्याची फांदी तारांवर पडते, खांबावरची न्यूट्रल तुटते, आणि मग एखाद्या घरात २३० च्या जागी ३०० च्या वर, अगदी ४०० च्या घरातही व्होल्टेज येऊ शकतं. बल्ब भगभगून जातात ते यामुळे. अशा वेळी दुकानात मिळणारी स्पाइक गार्डची पट्टी उपयोगाची नाही. ती क्षणभराचा झटका शोषते, मिनिटभर टिकून राहिलेलं जास्त व्होल्टेज नाही. त्यासाठी मीटरनंतरच्या बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो लाईन तोडतो आणि सगळं स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने पुन्हा जोडतो. यात फ्रिज, टीव्ही आणि पंपही वाचतो, त्यामुळे घरच्यांना पटवणं सोपं जातं.

तिसरा धोका आकाशातल्या विजेचा. मे महिन्यातला वळीव, मृगाच्या सरी आणि परतीचा पाऊस, हे तीन काळ जास्त जपायचे. गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून ओढून काढायचा. सोबत लॅन केबलही काढायची. इंटरनेट फायबरचं असलं तरी राउटरपासून पीसीपर्यंतची केबल तांब्याची असते. राउटरच्या अडॅप्टरमधून शिरलेला झटका तिच्यातून थेट मदरबोर्डच्या लॅन पोर्टवर येतो. पीसीचा प्लग काढलेला असतानाही बोर्ड जातो तो या वाटेने. राउटर लांब नसेल तर मी वायफायच सुचवेन.

एसएमपीएस: इथे काटकसर नको

दुकानात ‘५०० वॅट’ लिहिलेले हलके, स्वस्त एसएमपीएस मिळतात. त्यांच्या बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. तिथे १८ असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे फक्त २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरा आकडा तोच. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हा आकडा ४२ ते ४५ अँपिअरच्या आसपास दिसतो.

‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, संरक्षणाचा नाही. तो असावाच, पण त्यासोबत खोक्यावर ओव्हर व्होल्टेज, अंडर व्होल्टेज, ओव्हर पॉवर आणि शॉर्ट सर्किट संरक्षण लिहिलेलं आहे का ते पाहा. आणखी एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे, ती म्हणजे इनपुटची मर्यादा. काहींवर २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १०० ते २४०. संध्याकाळी सगळ्या वाडीत दिवे आणि पंप लागले की व्होल्टेज उतरतं. तेव्हा १०० ते २४० वालाच टिकतो.

वॅट किती घ्यावेत? आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅट घेतं, रायझन ५ ५६०० हा ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर आहे, बाकी पंखे, एसएसडी आणि बोर्ड मिळून ५० धरा. अडीचशेच्या आसपास गेलं. म्हणजे ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो आणि पुढे कार्ड बदललं तरी चालतो. ७५० च्या मागे लागायचं कारण नाही.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गफलत होते. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या बरंच जवळ जातात, आणि लाईट गेल्या क्षणी तो ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद पडू शकतो. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. त्याचं काम गेम पुढे चालवणं नाही, सेव्ह करून नीट बंद करता येण्याइतकी मिनिटं देणं एवढंच आहे.

घरात इन्व्हर्टर असेल तर तो साईन वेव्हचा आहे का ते पाहा. स्क्वेअर वेव्हवर चांगल्या एसएमपीएसला त्रास होतो. मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. त्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, आणि चांगला एसएमपीएस तेवढा काळ स्वतःच्या बळावर तग धरतो. साध्या मोडमध्ये वेळ जास्त लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

पैशांची वाटणी

मॉनिटर, यूपीएस आणि वायरमनचा खर्च बाजूला काढा. उरलेल्या रकमेतले ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डाला, प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून ३० टक्क्यांच्या आसपास, एसएमपीएसला १० टक्के, आणि राहिलेल्यात रॅम, एसएसडी व कॅबिनेट. ही वाटणी रॅमच्या भावावर हलते. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी बरीच महागली आहे, त्यामुळे कोणाच्याही जुन्या यादीतला रॅमचा आकडा खरा धरू नका. खरेदीच्या दिवशीच भाव काढा.

ग्राफिक्स कार्ड

कमी बजेटमध्ये १०८०पी साठी आरएक्स ६६०० हे अजूनही विचारात घेण्यासारखं कार्ड आहे: ८ जीबी मेमरी, कमी वीज, कमी उष्णता. थोडे जास्त पैसे असतील तर आरटीएक्स ४०६०. तेही ८ जीबीचं, पण ११५ वॅटमध्येच भागवतं आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) मिळतं. इंटेलच्या आर्क बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे, ती जड गेमना उपयोगी पडते. पण त्याला १९० वॅट लागतात, आणि बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू नसेल तर त्याचा वेग बराच पडतो. जुन्या बोर्डावर ते लावू नका.

आरटीएक्स ३०५० घेताना डोळे उघडे ठेवा. त्याच नावाखाली ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन वेगळी कार्डं आहेत, नुसती मेमरी कमी-जास्त नाही. ६ जीबीवालं हळू आहे, पण ७० वॅटवर चालतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. ऑफिसातून निघालेला जुना ब्रँडेड पीसी हाताशी असेल, तर त्यात टाकायला तेच योग्य.

आणि एक सापळा. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून जीटी ७३० अजून विकलं जातं. मेमरी किती आहे यावरून कार्डाचा वेग कळत नाही. त्या कार्डापेक्षा ५६००जी मधलं आतलं ग्राफिक्सही पुढे आहे.

जुनं कार्ड घ्यायचं झालं तर एक गोष्ट इथल्या माणसाने नक्की बघावी: मागच्या पट्टीवर आणि स्क्रूंवर गंज. गंज दिसला तर आतही खारी हवा पोचलेली आहे. बहुतेक वॉरंटींत गंज लागलेला भाग घेत नाहीत, बिल असलं तरी.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअर आणि बारा थ्रेडचे. जो त्या दिवशी बोर्डासह स्वस्त पडेल तो घ्या, यावर आठवडाभर वाद घालण्याची गरज नाही. बॉक्समधला पंखा पहिल्या पीसीला पुरतो. रायझन ५ ५५०० त्याहून स्वस्त असतो, पण त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) निम्मी, १६ एमबी आहे आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये तो फरक जाणवतो. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नाही, आणि साध्या ५६०० मध्येही नाही. कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार.

५६०० सोबत बी५५० बोर्ड घेतलात तर कार्डासाठी पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांमधली डेटाची वाट) ४.० मिळतं. बी४५० वर ३.० असतं. आरएक्स ६६०० ला त्याने फारसा फरक पडत नाही, पण आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनचं असल्यामुळे तिथे मार खातं. जुन्या साठ्यातला बी४५० असेल तर दुकानदाराकडून बायोस (बोर्डातच असलेला, पीसी सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट करूनच घ्या. नाहीतर ५००० मालिकेचा प्रोसेसर त्यावर सुरूच होणार नाही, आणि ते करायला तुमच्या वाडीत दुसरा प्रोसेसर कोणाकडे नसेल.

हातात जास्त पैसे असतील आणि पुढे चार-पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा असेल, तर एएम५ या नव्या सॉकेटच्या बोर्डावर रायझन ५ ७६००. पण त्याला डीडीआर५ रॅम लागते. रॅमचे भाव असे असताना पहिल्या पीसीसाठी मी एएम४ वरच, म्हणजे ५६०० च्या सॉकेटवर आणि डीडीआर४ रॅमवर थांबेन.

रॅम आणि एसएसडी

रॅम डीडीआर४, १६ जीबी, ८-८ च्या दोन पट्ट्या, ३२०० वेगाच्या. एकच १६ ची पट्टी घेऊ नका, दोन वाटांनी डेटा जातो तेव्हा गेम खूप सुरळीत चालतात. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी.

एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डात बसणारी, वेगवान), जमलं तर १ टीबी. रेड डेड रिडेम्पशन २ एकटाच १५० जीबी मागतो. ४० एमबीपीएसच्या कनेक्शनवर तेवढं उतरायला आठ तासांहून जास्त लागतात, तेही मध्ये लाईन तुटली नाही तर. म्हणजे जागा नाही म्हणून गेम काढायचा आणि पुन्हा उतरवायचा, हे शहरात सोपं, आपल्याकडे नाही.

कॅबिनेट आणि खारं वारं

पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट, दोन पंखे आत हवा घेणारे आणि एक मागे बाहेर टाकणारा. काचेचं पुढचं पान असलेलं दिसायला सुंदर असतं, पण मे महिन्यात कौलांखाली ते आतल्या आत तापतं. जाळीमागे धूळ अडवणारी गाळणी हवीच, आणि न वापरलेल्या पट्ट्यांची भोकं बंद ठेवा, पाल आणि मुंग्या तिथूनच शिरतात.

मीठ हवेतली ओल ओढून घेतं. बोर्डावर बसलेली खारी धूळ कोरडी असताना फारसं काही करत नाही. पावसाळ्यात ती ओलसर होते आणि तांब्याच्या रेषा हिरव्या पडायला लागतात. उपाय साधा आहे: पावसाळ्यात पीसी रोज तासभर तरी चालू ठेवा, आतली ऊब ओल बसू देत नाही. समुद्राकडच्या खिडकीसमोर आणि ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जमिनीवरही नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा खाली ठेवलेलं काहीच वाचलं नाही. वाशिष्ठीसारख्या नदीकाठी राहत असाल तर टेबलाची उंचीही कमी पडू शकते. पीसी पटकन माडीवर नेता येईल असा ठेवा.

दसऱ्याच्या सुमारास कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरू देऊ नका. रॅमचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेल किंवा गंज काढायचा स्प्रे तिथे अजिबात नको.

खरेदी कधी आणि कशी

बरेच जण महिन्याला एकेक भाग घेतात. पैसे जमतील तसं, म्हणजे गणपतीला प्रोसेसर, दिवाळीला बोर्ड, आंब्याचे पैसे आले की कार्ड. ते समजण्यासारखं आहे, पण तसं करू नका. ऑनलाइन रिप्लेसमेंटची मुदत सहसा सात-दहा दिवसांची असते आणि सगळे भाग असल्याशिवाय एकही तपासता येत नाही. पैसे साठवा, भाग एकाच आठवड्यात घ्या. घाई असेल तर ५६००जी घेऊन पीसी पूर्ण करा आणि कार्ड नंतर टाका.

काळ निवडायचाच तर परतीचा पाऊस सरल्यावरचा. मुंबईहून येणारा चाकरमानी आणणार असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर पुष्कळ दुकानं एका रांगेत आहेत. त्याला मॉडेल नंबर लिहून द्या, ‘चांगलं कार्ड आण’ एवढं सांगून पाठवू नका. जीएसटीचं बिल, त्यावर सिरियल नंबर आणि सगळी खोकी जपून ठेवा, कारण बिघाड झाला तर भाग कुरिअरने पाठवावा लागणार. जोडलेला पीसी बसने आणत असाल तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं आणा. महामार्गाच्या खड्ड्यांत त्याच्या वजनाने स्लॉट तुटतो. ऑनलाइन मागवलेलं पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा.

जोडणी आणि पहिला आठवडा

आधी कॅबिनेटबाहेर, बोर्डाच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, पंखा, रॅम आणि कार्ड लावून सुरू करून बघा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, इंटेलमध्ये बोर्डाला. कुठेही जोर लावू नका, चिप आपोआप खाली बसते. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला सारख्या पण वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी घुसवू नका. बोर्डाखालचे पितळी टेकू जिथे भोकं आहेत तिथेच लावा. मॉनिटरची केबल कार्डाला, बोर्डाला नाही.

बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालते. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही बायोसमधली सुरक्षेची सेटिंग्ज मागतो. दोन्ही विंडोज टाकण्याआधीच चालू करून घ्या. विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे नव्या पीसीवर ते टाकू नका. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे हर्ट्झ स्वतः बदला, ते बहुधा ६० वरच असतात.

मग रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत पीसीला घाम फोडा. एक रात्र मेमटेस्टवर रॅम, अर्धा तास फरमार्कवर कार्ड, आणि रोज दुपारच्या उन्हात तुमचा सगळ्यात जड गेम. कार्ड ८० अंशांच्या आसपास आणि प्रोसेसर ८५ च्या खाली राहिला तर ठीक. ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. त्याच्यावर जात असेल तर पंख्याखालचं प्लास्टिक काढायचं राहिलंय का ते आधी बघा. गेम चालू असताना यूपीएसचा प्लग एकदा मुद्दाम काढा. पीसी बंद पडला, तर तो यूपीएस त्याच आठवड्यात बदलून घ्या.